डाळिंबीभाताची भाऊबीज

यंदा दिवाळीच्या तोंडावर नेऱ्याला जाणं झालं. पुतणीने तिकडे डोंगराच्या पायथ्याशी घर बांधलंय, त्याची वास्तुशांत होती. पनवेलच्या बाहेर पडेपर्यंत न्हावा शेव्याकडे निघालेल्या ट्रकांमध्ये आमची रिक्षा अडकून राहिली होती. मग रस्ता वळला, आणि दोन बंगल्यांच्या कुंपणांच्या मधोमध अचानक भाताचं शेत आलं. कापणी चालू होती. कापलेलं भात ओळीने आडवं पडलं होतं आणि त्यावर सकाळचं ऊन. मी रिक्षा थांबवायला सांगितली. रिक्षावाला घाबरला. त्याला वाटलं, म्हातारीला मळमळतंय. मी म्हटलं, काही नाही रे बाबा, जरा वास घेऊ दे.

कापलेल्या भाताचा वास कसा असतो हे सांगता येत नाही. थोडा ओल्या मातीचा, थोडा दुधाचा, थोडा उन्हाचा. पुष्कळांना तो निवांत करतो म्हणे. मला मात्र तो नाकात गेला की अजून कसली तरी घाई होते. परीक्षेला जायच्या आधी होते ना, तशी. हात आपोआप पदराला पुसले जातात. कान मागे कुठेतरी लागतात, कुणीतरी भिंतीपलीकडून हाक मारणार आहे असं वाटतं. रिक्षा सुरू झाली, पुतणीचं घर आलं, पूजा झाली, जेवणं झाली. मी सगळा वेळ तिथे होते आणि नव्हतेही. मी होते आमच्या पनवेलच्या जुन्या स्वयंपाकघरात, चुलीपुढे, सतरा-अठरा वर्षांची, आणि बाहेर कार्तिकातलं ऊन वर चढत होतं.

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या त्या दिवाळ्या. लढाई संपली होती, पण रेशन संपलं नव्हतं. तांदूळ रेशनचा, साखर रेशनची, रॉकेल रेशनचं आणि कापडसुद्धा रेशनचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, शिंपी. बाजारपेठेत आमचं दुकान आणि दुकानाच्या मागेच घर. पुढे मशीन, मध्ये एक काळोखी खोली आणि शेवटी स्वयंपाकघर, इतकंच. दिवाळी आली की शिंप्याच्या घरात सणाआधी काम येतं. पण त्या काळी नवं कापड मिळायचं नाही, म्हणून लोक जुनंच घेऊन यायचे. आईच्या लुगड्याची परकर-पोलकी, बापाच्या कोटाचा मुलाचा कोट. अण्णा म्हणायचे, यंदा मी शिवत कमी आणि उसवत जास्त आहे. घरभर दोऱ्यांचे तुकडे. इस्त्रीतल्या कोळशाचा वास. मशीनचा आवाज सकाळी माझ्या आधी उठायचा.

आणि आई काजं करायची. अण्णांच्या हाताखाली काजं-बटणं, हातशिलाई, आणि शिवाय सगळं घर. आईचं माहेर उरणचं, मिठागरावरचं. आईवडील लवकर गेले. मागे उरला एकटा धाकटा भाऊ, रघुमामा. त्याला आईनेच वाढवला म्हणायला हरकत नाही. तो मोठा झाला आणि बोटीवर खलाशी म्हणून लागला. मी लहान असताना तो यायचा ते मला अर्धवट आठवतं. दारातून आत येताना वाकणारा एक उंच माणूस, आणि त्याच्या डोक्यावरचे दाट कुरळे केस, ज्यांत मी मुठी घालायचे. भाऊबीजेला तो आला की आई डाळिंबीभात करायची. इतर वेळी घरात भात व्हायचा, वालाचं बिरडंही व्हायचं, पण मोडाचे वाल सोलून केलेला डाळिंबीभात मामाचा.

मग लढाई लागली. मामाची बोट कुठे गेली, तो कुठे आहे, काही कळेना. आधी उशिरा उशिराने का होईना, कुणाकडून तरी निरोप यायचा. नंतर तोही बंद झाला. उरणचे लोक त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली करायला लागले. आईने कुणाला काही विचारलं नाही. तिने एवढंच केलं, की घरात डाळिंबीभात करणं सोडून दिलं. आणि भाऊबीजेच्या संध्याकाळी ताम्हन घेऊन ती मागच्या अंगणात उभी राहायची. ज्या बाईचा भाऊ येऊ शकत नाही तिने चंद्राला ओवाळायचं, अशी आपल्याकडची रीत. बीजेची ती बारीक कोर खाडीच्या बाजूला जेमतेम दिसायची आणि लगेच बुडायची. आई घाईघाईने ओवाळायची आणि आत येऊन पुन्हा काजं करायला बसायची. तिच्याकडे बघायची माझी हिंमत व्हायची नाही.

त्या वर्षी कापणीच्या दिवसांत आई नेऱ्याला गेली होती. तिथे हिराबाई राहायची. शेतकरीण, आईची जुनी ओळख. तिच्या घरच्या सगळ्या बायकांच्या चोळ्या आई शिवायची, आणि हिराबाई त्याबद्दल तांदूळ, वाल, कधी भोपळा असं काही द्यायची. आई शिवलेल्या चोळ्या पोचवायला गेली तेव्हा खळ्यावर झोडणी चालली होती. पेंढ्या आपटल्या जात होत्या, भाताचं कूस उडत होतं. ती नुसती बाजूला उभी होती. एक कुसळ उडालं आणि तिच्या उजव्या डोळ्यात गेलं.

दोन दिवस तिने अंगावर काढले. मग डोळा लाल आणि बंद. अण्णा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. कुसळ निघालं, पण बुबुळाला जखम झाली होती. डॉक्टर म्हणाले, एक डोळा हलला की दुसराही हलतो, म्हणून दोन्ही बांधून ठेवू. दिवाळी संपेपर्यंत पट्टी काढायची नाही. चुलीजवळ जायचं नाही, धूर लागता कामा नये. आणि रडायचं तर अजिबात नाही.

हे शेवटचं अण्णांनी घरी येऊन मला बजावून सांगितलं. आई मधल्या काळोख्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, डोळ्यांवर पांढरीशुभ्र पट्टी. ती म्हणाली, मला कशाला रडायला येतंय, रडायचं ते काजं करायचा गठ्ठा बघून अण्णांनी रडावं. आम्ही हसलो. पण मला रात्रंदिवस एकच धास्ती, हिचा डोळा गेला तर?

आणि अशात निरोप आला. उरणचा एक माणूस, तोही बोटीवरचाच, दुकानात आला आणि मशीनच्या आवाजावरून ओरडून म्हणाला की तुमचा रघु मुंबईला गोदीत उतरलाय, मी त्याला डोळ्यांनी पाहिला, भाऊबीजेला येतो म्हणालाय. अण्णांनी मशीन थांबवलं. ते थांबलेलं मशीन मला अजून ऐकू येतं. बाजारातला सगळा गलका एकदम घरात शिरला. अण्णा त्या माणसाला हाताला धरून मधल्या खोलीत घेऊन आले आणि म्हणाले, हिला सांग. त्याने पुन्हा सांगितलं.

 आईने दोन्ही हात पट्टीवर दाबून धरले. अण्णा तिच्यापुढे उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"आठवतंय मला," आई म्हणाली. जरा वेळाने तिने हात खाली घेतले आणि मला हाक मारली. "सुमे, वाल आहेत का गं डब्यात?"

तो क्षण मला कायम लख्ख दिसतो. कारण मला कळलं होतं की डाळिंबीभात करायचा आहे, आणि तो मला करायचा आहे. मी तो शेवटचा खाल्ला तेव्हा मला धड वेणीही घालता येत नव्हती. चव आठवत होती असंही म्हणता यायचं नाही. आठवत होता तो फक्त रंग, फिकट पिवळा, आणि त्यावर पांढरं खोबरं. असं असून माझ्या अंगात जे संचारलं ते भय नव्हतं. आनंदाने माझे पाय जमिनीवर टिकेनात. मी डबा काढला, वाल परातीत ओतले, आणि ते इतक्या मोठ्याने खडखडले की अण्णा बाहेरून म्हणाले, काय फटाके लावतेस का.

वाल होते. तांदळाचं काय? रेशनचा तांदूळ जाड, लालसर, शिजताना एक कुबट वास सोडणारा. पेज करावी त्याची फार तर. आणि शेतातून येत होता तो नवा. नवा तांदूळ गोड खरा, पण शिजला की त्याचा चिखल होतो. शिताला शीत चिकटतं. डाळिंबीभात कसा हवा, तर शीत न् शीत मोकळं, आणि डाळिंबी अख्खी, न मोडता शिजलेली. त्याला जुना तांदूळच लागतो. आणि कापणीच्या दिवसांत, त्यातही त्या टंचाईत, जुना तांदूळ कुणाच्या घरात उरलेला असणार?

मी गाढी नदीच्या कडेकडेने नेऱ्याला चालत गेले. धनत्रयोदशीचा दिवस. वाटेत सगळीकडे कापणी. हिराबाई खळ्यावरच होती. तिने आधी आईच्या डोळ्याचं विचारलं. तिच्या खळ्यावर झालं म्हणून ती फार हळहळत होती. मी मामा येणार असल्याचं सांगितलं आणि मग बिचकत तांदळाचं विचारलं. ती घरात गेली. आतून कणगीत हात घालून खरवडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या ओच्यात तांदूळ होता. बारीक, पिवळसर, जुना.

मी म्हटलं, तुमच्या घरी दिवाळीला लागेल की हा. ती म्हणाली, "तुजा मामा येतोय ना? मंग जुनाच ने. आमाला नवा चालतोय, आमचा कोन नाय येत बोटीवरना." आणि आपल्याच बोलण्यावर हसली. मी तो तांदूळ फडक्यात बांधला आणि पोटाशी धरून परत आले. गाढीच्या काठाने येताना मी जवळजवळ पळत होते. उन्हं उतरली होती, सगळीकडे तोच वास, कापलेल्या भाताचा. म्हणून म्हणते, दुसऱ्या कुणाला तो वास निवांत करत असेल, मला नाही करत.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी वाल भिजत घातले. संध्याकाळी निथळून पंच्यात घट्ट बांधले आणि चुलीच्या मागे उबेला ठेवले, वर पाटा ठेवून. पाडव्याला सकाळी आई म्हणाली, गाठोडं आण बघू इकडे. तिने ते उघडलं नाही. नुसतं हातात घेतलं, दाबलं, नाकाशी नेलं. "येतायत मोड," ती म्हणाली. त्या दिवसात तिने ते गाठोडं कितीदा मागितलं असेल. डोळे बांधलेल्या बाईला दिवस फार मोठा असतो. त्या गाठोड्यात काहीतरी वाढत होतं, आणि ते तिला हाताने कळत होतं. त्याच दिवशी संध्याकाळी एकदा मी दिवा लावायला गेले तर ती ते मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, बाहेर अंधार पडला का गं? मी म्हटलं, पडतोय. मग गाठोडं चाचपत म्हणाली, उद्या तो आला नाही, तर मला यंदा चंद्रही दिसायचा नाही.

मी म्हटलं, येणार आहे तो. आणि तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, नाही आला तर? निरोपच तर होता. लढाईच्या दिवसांत असे किती निरोप खोटे निघाले होते.

भाऊबीजेला सकाळी मी अंघोळ करून आले तर आई परात समोर घेऊन बसलेली. कोमट पाण्यात वाल घातले होते आणि ती सोलत होती. बोटाने दाबलं की साल सुटायची, आत डाळिंबी, हिरवट पांढरी, शेवटाला मोडाची शेपटी. मी समोर बसले आणि सोलायला लागले. मी डोळ्यांनी बघून सोलत होते तरी माझ्या हातून डाळिंब्या तुटत होत्या. ती बोलत सोलत होती. मामा लहानपणी सोलता सोलता कच्च्याच खायचा म्हणाली. कडू लागल्या की तोंड वाकडं करायचा आणि पुन्हा खायचा. त्या दिवशी तिने मामाबद्दल जेवढं सांगितलं तेवढं त्या आधीच्या कितीतरी वर्षांत सांगितलं नव्हतं. मिठागराच्या बांधावरून दोघं चालायची, तो पुढे आणि ती मागे, कारण पुढे ठेवला नाही तर तो कुठेतरी उतरायचाच.

मुंबईचा मचवा भरतीबरोबर यायचा. खाडीला पाणी चढलं की पनवेलच्या बंदराला लागायचा, एरवी चिखलात बसलेला. बीजेची भरती दुपारची. अण्णांनी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, आणि पाणी चढायच्या कितीतरी आधी ते बंदराकडे निघाले. दुकानाला फळ्या लावायच्या राहिल्या, त्यांच्या लक्षातच आलं नाही.

आता घरात आम्ही दोघी. आई मधल्या खोलीत. मधलं दार लोटलेलं, धूर जाऊ नये म्हणून. मी चुलीपुढे. माझा प्रश्न असा, की भात केव्हा टाकायचा? लवकर टाकला तर गार होणार, उशिरा टाकला तर तो उपाशी दारात येणार. मी दाराआडून विचारलं. आई म्हणाली, पाणी चढलं का ते बघ. मी मागच्या दारी जाऊन शेजारच्या माडीवरच्या माणसाला विचारून आले. चढतंय म्हणाला, पण अजून शीड दिसत नाही. मी आईला तसं सांगितलं. 

ती म्हणाली, "फोडणी टाक, सुमे. तो येणारच आहे. आपण वाट बघत बसलो तर भात कोण करणार?"

मी पातेलं चढवलं. तेल तापलं. मोहरी टाकली, तडतडली. हिंग टाकला, आणि भिंतीपलीकडून लगेच आवाज आला की जाळ कमी कर, हिंग करपेल. मी लाकूड मागे ओढलं. हळद, कढीपत्ता, मग डाळिंब्या. त्या अगदी हलक्या हाताने परतायच्या, उलथन्याने नाही, पातेलंच धरून हलवायचं. माझ्या हाताला चटका बसला. मी काही बोलले नाही, पण आई पलीकडून म्हणाली, फडक्याने धर गं. तिला कसं कळलं कोण जाणे. कदाचित माझा श्वास ऐकू गेला असेल. डाळिंब्यांवर झाकण, झाकणावर पाणी, मंद आच. त्या अर्ध्या शिजल्या की धुऊन निथळलेला तांदूळ घालायचा, परतायचा, काळा मसाला, मीठ, गुळाचा खडा, आणि वरून आधणाचं पाणी. मी झाकणावरचं गरम पाणीच आत ओतलं आणि भात रटरटायला लागला. त्या रटरटण्याबरोबर माझं काळीजही. आता काही हातात नव्हतं. तांदूळ जुना होता, डाळिंब्या अख्ख्या होत्या, पाणी मी आईच्या अंदाजाने घातलं होतं. मी खोबरं खवायला घेतलं. मला तेव्हा हसूही येत होतं, उगाच, कशाचं कोण जाणे.

भाताचं पाणी आटत आलं होतं. ही वेळ फार नाजूक. आता जाळ काढून नुसत्या निखाऱ्यांवर ठेवायचं, वर झाकण, झाकणावरही निखारे. जरा दुर्लक्ष झालं की खाली लागलाच. मी चिमट्याने निखारे झाकणावर रचत होते, आणि दुकानाच्या बाजूला पावलं वाजली.

मला वाटलं, अण्णा परत आले. आईलाही तसंच वाटलं. ती म्हणाली, "आला का हो मचवा?"

 पावलं थांबली होती. फळ्या न लावलेल्या दुकानातून कुणीतरी आत आलं होतं आणि मधल्या खोलीच्या दारात उभं होतं.

"कोण आहे?" आई म्हणाली.

"अक्का," एक घोगरा आवाज म्हणाला. आणि मग, "अक्का, हे काय झालं तुझ्या डोळ्यांना?"

मी चिमटा हातात धरून बसले होते. मधलं दार लोटलेलं. पलीकडे माझ्या घरातली इतक्या वर्षांतली सगळ्यात मोठी गोष्ट घडत होती, आणि माझ्यासमोर भात होता. उठले असते तर भात लागला असता. कितीतरी प्रसंग पुढे आयुष्यात आले, लग्न, मुलांचे जन्म, पण उठावं की बसावं हा प्रश्न इतका कठीण पुन्हा कधी झाला नाही. मी बसून राहिले. एकेक निखारा उचलून झाकणावर ठेवत गेले आणि कान पलीकडे.

 मग मामा रडतोय हे मला कळलं. मोठा माणूस रडताना कसा आवाज येतो ते मी तोवर ऐकलं नव्हतं.

आणि आई म्हणाली, "रघु, मला डॉक्टरांनी रडायला बंदी केलीय. तेव्हा तूही रडायचं नाहीस. इकडे ये, बस."

तो मचव्याने आलाच नव्हता. मचव्याला गर्दी म्हणून ठाण्याच्या बाजूने मोटारीने आला होता. अण्णा बिचारे तिकडे बंदरावर पाण्याकडे बघत उभे. माडीवरच्या माणसाने शीड दिसल्याची हाळी दिली, आणि मग शेजारचा कुणीतरी धावत जाऊन अण्णांना घेऊन आला. ते दारात आले, मामाला पाहिलं, आणि म्हणाले, अरे, मी सगळ्या उतारूंच्या तोंडाकडे बघून आलो, लोक मला वेडा म्हणाले असतील.

ओवाळायला मी ताम्हन करून दिलं. पाटावर मामा बसला. मी त्याला त्याच वेळी पहिल्यांदा नीट पाहिलं. काळा रापलेला, गालफडं वर आलेली. आणि डोकं जवळजवळ मोकळं. ते दाट कुरळे केस कुठल्या कुठे गेले होते. आईने कुंकवाचं बोट पुढे केलं, मी तिचं मनगट धरून कपाळापर्यंत नेलं. कुंकू लावून झाल्यावर अक्षता टाकायला तिने हात वर नेला, आणि तिच्या बोटांना टक्कल लागलं. ती चपापली. पुन्हा चाचपलं.

"रघु, अरे केस कुठे गेले?"

"समुद्रात," मामा म्हणाला.

आई हसायला लागली. मामाही. अण्णाही. आई इतकी हसली की अण्णांना पुन्हा डॉक्टरांची आठवण करून द्यावी लागली, कारण हसतानाही डोळ्यांत पाणी येतंच. मला वाटतं, त्या घरात त्या दिवशी जे काही रडायचं होतं ते सगळं त्या हसण्यातून निघून गेलं.

मग पानं मांडली. मी झाकण काढलं. वाफ वर आली, तिच्यात हिंग, काळा मसाला, वालाचा तो कडसर वास. भाताला मी अगदी टोकाने उकरलं. मोकळा होता. डाळिंबी अख्खी होती. मूद पाडून पानात वाढली, वर खोबरं, कोथिंबीर, तूप. पानात शिरा होता, बटाट्याची भाजी होती, पण मला दुसरं काही दिसत नव्हतं.

मामाने पहिला घास घेतला. तो चावत राहिला. बराच वेळ. मी समोर उभी, हातात वाढायची वाटी. त्याने दुसरा घास घेतला, मग तिसरा, आणि मान खाली घालून जेवतच राहिला.  आई त्याच्या शेजारी बसली होती. तिने आपल्या पानातला भात बोटांनी चाचपला. शितं हाताने वेगळी करून पाहिली, चिमटीत एक डाळिंबी धरली, जराशी दाबली. मग घास तोंडात घातला.

"मीठ किंचित कमी आहे," ती म्हणाली. "पण भात जमलाय."

मामा म्हणाला, "बोटीवर मी हा भात किती वेळा जेवलो असेन, अक्का. डोळे मिटून. खलाशांना सांगायचो, आमच्याकडे असा असा भात करतात. त्यांना वाटायचं मी थापा मारतोय." त्याने माझ्याकडे वर पाहिलं. "तळाची खरवड आहे का गं?"

होती. थोडी लागली होती, बदामी रंगाची. मी ती उलथन्याने खरवडून त्याच्या पानात वाढली. ती त्याने सगळ्यात शेवटी खाल्ली.

मामा काही दिवस राहिला. आईची पट्टी काढायच्या दिवशी तो बरोबर गेला. मीही गेले होते. डॉक्टरांनी खिडकी अर्धी लावून घेतली आणि पट्टी सोडली. आईने डोळे किलकिले केले. उजव्या डोळ्यात एक पांढरा ठिपका राहिला होता, तो पुढे आयुष्यभर राहिला, पण डोळा वाचला होता. तिने आधी मामाकडे पाहिलं, खूप वेळ. मग माझ्याकडे. माझा हात उलटा करून तिने चटक्याचा डाग पाहिला आणि त्यावर अंगठा फिरवला. घरी येईपर्यंत तिने हात सोडला नाही.

मामा पुन्हा बोटीवर गेला, पण आता दर वर्षी न चुकता यायचा. पुढच्या दिवाळीला आईचे डोळे ठणठणीत होते. भाऊबीजेला सकाळी मी वाल सोलून ठेवले आणि चूल पेटवून आईची वाट बघत बसले. मला वाटलं, गेल्या वर्षी इलाज नव्हता म्हणून मी केला, यंदा ती करील. ती आली. दारात उभी राहिली. तांदूळ बघितला, हाताने ढवळला, जुना आहे म्हणाली. मी पाट पुढे सरकवला.

ती बसली नाही. "मी जाते पुढे, काजं राहिलीत," म्हणाली.

मी विचारलं, मिठाचं काय? ती वळली. उजव्या डोळ्याने जरा तिरपं बघायची सवय तिला लागली होती, तसं बघितलं. "मला काय विचारतेस," म्हणाली, "तुझा भात आहे." आणि मधलं दार लोटून घेऊन ती पुढे निघून गेली.

मी तेल तापायची वाट बघत बसले. भिंतीपलीकडून आता कुणी काही सांगणार नव्हतं. मी मोहरी टाकली.